खडसाला पिसाची माशी

तिथं नका बसू, पावने, तिथं नका. तुमची सावली पान्यावर पडते नि मासा काय आंधळा नाय — हां, इकडं, करंजाच्या बुडाशी बसा. जाऊ की घरी. घर काय पळून जात नाय आणि शकू पण नाय, तिची आय तिला नवं लुगडं नेसवीत असेल. नातेगावाहून उमरठला लेकासाठी पोरगी बघायला आलात ना, मग आधी पोरीचा बाप बघा. आपल्यात काय, पोरीला चालवून बघतात, सुपारी कातरायला लावतात, डोळं तिरळं हायत का बघतात, आणि बाप कोण, काय करतो, ते कुणी इचारत नाय. हा रावजी हाय. बघून घ्या.

गळाच्या काठीला हात नका लावू. विलायती हाय, सायबानं जाताना दिली. मुंबैत मी त्याचा बटलर होतो, आणि दर सालाला शिमग्याच्या अगोदर, पानी निवळलं की तो माझ्या गावच्या ह्या नदीवर यायचा — पोलादपूरपर्यंत मोटार, पुढं पायी — खडस मासा धरायला. तो त्याला महाशीर म्हणायचा, म्हणू दे, त्याला काय कळतंय. एवढा शिकलेला माणूस, पण बोटानं भात खायचा म्हटला की रडकुंडीला यायचा. काठी मात्र चालवायचा, ते खोटं कशाला बोलू.

आणि तुमच्या गावात मासा कसा धरतात? तुमी नका सांगू, मीच सांगतो. गेळफळं कुटायची, डोहात कालवायची, मासं पोट वर करून आलं की टोपल्या घेऊन पळायचं — बाया, पोरं, म्हातारं, सगळी जत्रा. ह्याला मासं धरनं म्हणतात होय? माझा सख्खा भाऊ हैबती तर तुमच्या वरचढ, घाटाच्या रस्त्याच्या कामावरनं सुरुंगाची दारू आणून पान्यात उडवतो. दोन बोटं गेली, अक्कल काय आली नाय. आणि तो मला म्हणतो, रावजीदादा, नाचता येईना अंगण वाकडं, ह्या सालात तुझ्या काठीला लागलं काय? नाय लागलं. नाय लागलं म्हणून मी पान्यात इख कालवू?

ही बघा. ही माशी. कोंबड्याच्या मानेचं पीस, रेशमी दोरा नि आत गळ. हलक्या हातानं सोडली की पान्यावर अशी पडते, खडसाला वाटतं खरंच कायतरी झाडावरनं पडलं. हसताय? हसा. गाढवाला गुळाची चव काय. तुमच्या सात पिढ्यांत एवढं बारीक काम कुणी केलं नसेल — कुणी बांधली? मीच. म्हणजे शकूनं. सायबानं मला शिकवली, मी तिला, आता तीच बांधते. गळ दोरीला पण तीच बांधते सकाळी. मला येत नाय असं नाय, पण पोरीच्या हाताला काम नको?

तुमच्या अगोदर पण आले होते की. महिपत म्हणून एक आला, महाडात दुकान, बोलताना तेल गळायचं तोंडातनं. त्याला ह्याच करंजाखाली बसवला नि असा सोलला असा सोलला, की घर न बघताच परत गेला. त्याच्यामागून आला त्याला तर वाटेतनंच परत लावला. तुळसा, माझी बायको, ती म्हणते, पोरीला थेरडी करून ठेवशील. तिला काय कळतंय. आणि तुमचा सदू — राग नका मानू — मुंबैच्या गिरणीत साच्यावर, एका खोलीत वीस जण, पाळीपाळीनं झोपनारे. शिमग्याला गावी येऊन गॉगल लावून फिरनारा तोच ना? त्या खोलीत माझी शकू कुठं बसनार, कुणाच्या डोक्यावर? आणि ती तिकडं गेली की हितं त्या धोंड्यावर उभं राहून, बाबा, आता डावीकडं टाक, आता ओढ, हे कोण मला—

काय?

कुठं? दोरी कुठं हलली? ती फांदी असेल, फांद्या येतात वाहत — फांदी नाय? मोठा हाय? कुठल्या अंगाला, नीट सांगा ना पावने, डावीकडं की उजवीकडं, असं बोट काय दाखवताय मला—

तुटली.

केवढा होता? एवढा? पाठ दिसली तुमाला? पिवळी ना, सोन्यासारखी. तसाच असतो खडस. मला कसा दिसनार, ऊन डोळ्यांवर येतंय ना माझ्या. ऊन पाठीमागं हाय म्हणता. हां. पाठीमागं हाय.

तुळसाला ठाव नाय. हैबतीला तर नायच नाय, गावभर करील. शकूला ठाव हाय. म्हणून कोण आलं की पोरगी नुसती गप्प बसते — आयला वाटतं लाजते.

उठा. हीच पायवाट वर जाते, कौलारू घर, दारात फणस हाय. पोरगी बघा. तिला सांगा, बाबानं पाठवलंय. एवढंच सांगा, म्हणजे तिला कळेल, मग ती बोलेल तुमच्याशी. पसंत पडली तर लगेच सुपारी फोडा, माझी वाट बघू नका. मी येतो मागनं, दोरी गुंडाळतो नि येतो.

हात नको. हात नको म्हणतो ना, वाट पायाला ठाव हाय. जावा तुमी.