आमच्या दोघांची गोधडी

आमचा मुलूख लांज्याकडचा. बाप शिंपी, त्यामुळं मशीनच्या खडखडाटातच वाढलो, आणि लग्न झाल्यावर दीड महिन्यात मस्कतला आलो तो इथंच, वादी कबीरच्या शिवणकारखान्यात. इथले पुरुष घालतात ना तो पायघोळ सदरा, दिशदाशा, तो शिवतो आम्ही, शिवाय बायकांचे गाऊन, पोरींचे फ्रॉक. आता कटिंगमास्टर आहे. बत्तीस वर्षं झाली, काय सांगू तुम्हाला, केस गेले, दात गेले, कात्री तेवढी तीच आहे.

पहिल्या रजेला सेंट नेलं, साबण नेले, चॉकलेटं नेली, तर आमची मंडळी, सुलोचना, विचारते कशी, एवढं कापड कापता तर चिंध्या कुठं जातात? म्हटलं कचऱ्यात. बाई अशी चिडली! म्हणजे सोनं टाकून साबण आणलात होय. तिला गोधड्यांचं वेड ना. मग पुढच्या रजेला पिशवी भरून चिंध्या नेल्या, तर त्यातल्या निम्म्या माझ्याच अंगावर फेकल्या. हे सुती नाय म्हणाली. चुलीशी एक धागा धरला, तो वितळून त्याची गाठ झाली, दुसरा धरला, त्याची राख झाली, कागदासारखा वास. राख होते ते आणा, गाठ होते ते अंगाला ऊब देत नाय. शिंप्याचा मुलगा मी, आणि हे मला बायकोनं शिकवलं!

तेव्हापासून दर रजेला एक पिशवी, निवडून निवडून. आमच्या वाडीत असं घर नाय जिथं मस्कतची गोधडी नाय. आमचीच तेवढी झाली नाय. माणूस दोन वर्षांनी महिनाभर येणार, त्याला दोघांची गोधडी कशाला? ती म्हणायची, कायमचे याल तेव्हा शिवीन. यंदा मी कायमचा चाललोय, म्हणून दोन वर्षं टेबलाखाली एक गोणी भरत आणली होती, सगळी सुती, सगळे फ्रॉकचे रंग.

आणि नेमकी सरकारी माणसं आली. यापुढं चिंध्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत म्हणाले, जातीजातीनं वेगळ्या करून द्यायच्या, गाडी येऊन नेईल, त्याचा पुन्हा धागा होतो. आमच्या कारखान्यातल्या पोरांना कळेना, वेगळ्या करायच्या कशा? मी खिशातली काडेपेटी काढली, तर तो साहेब चार पावलं मागं सरकला, कापडाच्या कारखान्यात आग म्हणजे काय! बाहेर अंगणात नेऊन दाखवलं, राख आणि गाठ. साहेब खूश, अर्बाब, म्हणजे आमचा मालक, तोही खूश, म्हणाला गणपत, आता तूच शिकव सगळ्यांना. मलाही चढली हो. पोरांना दम भरला, सुती दिसलं की पांढऱ्या पिशवीत, एक धागा मागं राहता कामा नये, खलास.

मी तिकिटाच्या कामाला रुवीला गेलो, तेवढ्यात गाडी येऊन गेली. परत आलो तर टेबलाखाली लादी झाडून लख्ख केलेली. पोरं कौतुकानं सांगतायत, मास्टर, तुमच्याकडचंसुद्धा सोडलं नाही. कुणाला बोलणार? माझंच शिकवणं. त्या दिवशी कात्री धरवेना मला, खरंच सांगतो, रडलो.

घाबरत घाबरत घरी फोन केला. म्हटलं, अगं, आपली गोधडी गेली. सुलोचना हसायलाच लागली. म्हणाली, दर रजेला अंगावरचा शर्ट इथं टाकून जाता, ते सगळे ठेवलेत मी ट्रंकेत, सुतीच आहेत, बघून ठेवलेत. अगं मग आजवर का नाय शिवलीस? तर म्हणते, तुम्ही तिकडं असताना तुमच्या शर्टाला कात्री कशी लावू? आता कायमचे येताय, आता लावते.

परवा व्हिडिओवर दाखवलं तिनं. हात कापतात तिचे आता, टाके वाकडे जातात, पण मस्तच झालीय, तरुणपणीचे माझे सगळे शर्ट ओळखले मी. मधोमध एकच चौकोन रिकामा आहे. म्हणते, तो येताना अंगावर घालून या. इथल्या दार्सैतच्या देवळात कृष्णाला हात जोडून आलो, तुमचंही सगळ्यांचं भलं होवो. हा बघा तो शर्ट, निळ्या चौकटीचा, धुऊन ठेवलाय.