हातावर भागवलं

(सकाळचे नऊ वाजलेत. ओसरीवर तिघंजण बसलेली: केशरबाई, त्यांची सून सत्यशीला अन् पुतण्या हनुमान. आत शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण थडथडायला लागतं. सत्यशीलेला ते ऐकू येतं, पण हनुमानभाऊजींनी तिच्यापुढं ठेवलेल्या पिशवीवरून तिची नजर हलत नाही.)

केशरबाई : अगं, दूध उतू चाललं. सत्यशीला!

सत्यशीला : जाऊ द्या, आत्या. भाऊजी, परत एकदा म्हणा. मी नीट ऐकलं नाही.

हनुमान : ऐकलं सगळं तुमी, वैनी. उगं माझ्याकडनं दोनदा वदवून घेऊ नका. साडी हाय पिशवीत. बचत गटाच्या पाच बायांना एकाच रंगाच्या घेतल्यात विठ्ठलरावांनी, सिरसाळ्याहून. अकराला मंत्रीसाहेब येतेत. तुमी तबक घ्यायचं, टिळा लावायचा, ओवाळायचं. फोटू निघंल. खेळ खतम.

सत्यशीला : माझा नवरा दवाखान्यात पडलाय, अन् मी ओवाळू?

हनुमान : म्हणूनच तर तुमी. दुसरीनं ओवाळलं तर पेपरवाले विचारणार, अंगदची बायको कुठंय?

केशरबाई : हनुमान सांगतोय तर कायतरी बघूनच सांगत आसंल गं. आपला हाय तो. अंगदला जीपमधी घालून ह्यानंच नेलं. त्याचं रगात सगळं ह्याच्या अंगावर.

सत्यशीला : माहितंय आत्या. भाऊजींचा शर्ट मीच धुतला. तीन पाण्यांतून काढला.

हनुमान : काकू, तूच समजाव हिला. पंधरा दिसाखाली काय केलं अंगदनं? साहेब गावाचं ऐकायला आलते. बोलणाराची यादी विठ्ठलरावानी आधीच केलती. ह्याचं नाव यादीत न्हाई. तरी उठला, माईक हिसकला…

सत्यशीला : तुमच्या माणसानं लगेच बंद केला तो.

हनुमान : बंद केला, तर गप बसावं का न्हाई माणसानं? पिशवीतनं धोंडा काढला, ह्यो एवढा, अन् आदळला साहेबाच्या टेबलावर! पाण्याचे गिलास सांडले. अधिकारी दचकून उभे. भर मांडवात विठ्ठलरावाची इज्जत गेली.

सत्यशीला : तो दगड अंगणवाडीचा पत्रा फोडून खाली आला होता. विठ्ठलरावाच्या खाणीतला. सुरुंग उडवला तेव्हा एकवीस लेकरं खिचडी खात बसली होती. आरोही त्यातच होती. तिच्या ताटलीपासून हातभर अंतरावर पडला. ह्यांना एवढंच सांगायचं होतं, की साहेब, शाळा सुटल्यावर सुरुंग उडवायला लावा. खाण बंद करा असंसुद्धा म्हणाले नाहीत.

हनुमान : म्हणायचीबी एक रीत आसती, वैनी. कुणीतरी ते मोबाईलवर काढलं, जिल्हाभर फिरवलं. त्यात ही मारहाण झाली. म्हणून तर साहेब परत यायलेत. आज तुमच्या हातची आरती दिसली, की लोकांची तोंडं बंद. साहेबांनी विचारलंच, मालक कसे हायत, तर म्हणायचं, बरे हायत, मोटरसायकलवरून पडले. बास.

सत्यशीला : मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाला दुसरीकडं कुठं खरचटतसुद्धा नाही का? नुसती उजव्या हाताची पाच बोटं मोडतात?

हनुमान : पडायचं काय सांगता येतंय?

सत्यशीला : डॉक्टर म्हणाले, दोन बोटांत हाड असं राहिलंच नाही. भुगा झालाय.

केशरबाई : नको गं बाई. कावून ते सारखं उकरतीस? पोरगी आत ऐकायलीय.

सत्यशीला : आत्या, त्या दिवशी पुलावर काय झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं?

केशरबाई : ह्यानंच की. चौघं व्हते, तोंडाला रुमाल बांधलेले. ह्यो मागनं आला, वरडला, तशे पळाले. देवच धावला म्हण.

सत्यशीला : काल मी ह्यांना पेज पाजत होते. आठ दिवस हूं की चूं नाही. पोलीस जबाबाला आले तेव्हा भाऊजी उशाशी उभे, म्हणून ‘ओळखू आले नाहीत’ एवढंच बोलले. काल भाऊजी चहाला खाली गेले, अन् ह्यांनी चमचा बाजूला केला. म्हणाले, सत्या, रुमाल तिघांनीच बांधले होते, तरी आवाजावरून ओळखले मी. चौथ्यानं बांधला नव्हता.

हनुमान : वैनी.

सत्यशीला : म्हणाले, चौथ्यानं माझं मनगट धरलं. पुलाच्या कठड्यावर दाबून धरलं. माझ्याकडं बघत नव्हता. नुसतं म्हणत होता, हलू नको, हललास तर डोक्यात बसंल.

हनुमान : वैनी, बास झालं!

सत्यशीला : अन् दगड तोच होता, आत्या. साहेबाच्या टेबलावरचा. मारणाऱ्यांनी तो आठवडाभर सांभाळून ठेवला होता. एकेक बोट मोजून…

केशरबाई : चौथा कोण व्हता?

सत्यशीला : मला विचारू नका.

केशरबाई : हनुमान, कोण व्हता रं?

हनुमान : काकू, जरा पाणी दे.

केशरबाई : कोण व्हता म्हणते मी!

हनुमान : मी नसतो तिथं, तर आज अंगदच्या दहाव्याची तयारी करत बसली आसतीस तू! काय वाटतं तुला? विठ्ठलराव म्हणले, त्याचं तोंडच कायमचं मिटवा. मी पाय धरले त्यांचे. नाक घासलं. म्हणलं, मालक, भाऊ हाय माझा, लेकुरवाळा हाय. तवा कुठं म्हणले, मग तू स्वतः धर त्याला, म्हंजे कळंल तू कुणाचा ते. मी धरला. हातावर भागवलं मी, काकू. जिवावर आलतं, ते हातावर भागवलं!

केशरबाई : भागवलं.

हनुमान : व्हय. अन् जीप कुणी पळवली? दवाखान्यात रगात कुणी दिलं?

केशरबाई : तुझी माय गेली, तवा तू सहा दिसाचा व्हतास. अंगद तीन महिन्याचा. एका मांडीवर त्यो, एका मांडीवर तू. लोकं म्हणायचे, केशरे, दोघाला पुरंल का दूध? तू लई अधाशी. तुला आधी घेतलं, की अंगद मुठी आवळून रडायचा. एवढ्याशा मुठी. त्याच धरल्यास व्हय रं तू?

हनुमान : मला झोप न्हाई काकू. डोळा लागला, की त्यो आवाज येतो.

केशरबाई : ऊठ. हितं ये, पाट्यापशी.

हनुमान : कशाला?

केशरबाई : बस खाली. ठेव हात पाट्यावर. उजवा.

सत्यशीला : आत्या, वरवंटा खाली ठेवा.

केशरबाई : तू मधी पडू नको.

हनुमान : मार. मार काकू. ह्यो घे, पसरला. एकदाचं होऊन जाऊ दे. मलाबी…

सत्यशीला : आत्या! आत्या, नका!

हनुमान : आई गं! आई… मेलो! काकू, बोट गेलं माझं!

केशरबाई : ठेव हात. अजून चार हायती. ठेव…

सत्यशीला : द्या तो इकडं. सोडा म्हणते ना! आरोही, तू दारात नको उभी राहू, आत जा. आत जा बाळा. आत्या, सोडा.

केशरबाई : घे. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा उचलंनाच झालाय. हातच उठंना माझा.

सत्यशीला : बसा खाली, भिंतीला टेका. भाऊजी, हात वर धरा. खांद्याच्या वर. फडकं बांधते. बोट हलवू नका.

हनुमान : वैनी, हळू! डोळ्यापुढं अंधारी यायलीय. रगात थांबंना.

सत्यशीला : थांबेल. नख गेलंय, हाड मोडलंय बहुतेक. फडकं दाबून धरा.

हनुमान : दोन तासांत साहेब येतेत. मांडवात माईकपशी मीच हाय. विठ्ठलराव विचारणार, हाताला काय झालं? काय सांगू मी?

सत्यशीला : मोटरसायकलवरून पडलो म्हणा.

हनुमान : मारा जोडे. तुमचा वक्त हाय.

सत्यशीला : मला तुमचं बोट नको होतं, भाऊजी. तुमचं तोंड पाहिजे होतं. माईक तुमच्या हातात असतो. आज साहेबापुढं म्हणा, मी धरला होता, मारणारे हे तिघं, अन् पाठवणारा हा. तुम्ही बोललात तर खोटं कोण म्हणेल?

हनुमान : अन् सांजच्याला माझी बायको पांढऱ्या कपाळानं बसली, की तिला तुमी सांभाळणार?

सत्यशीला : ह्यांना तरी कुणी सांभाळलं?

हनुमान : अंगद येडा हाय! त्याला वाटलं, साहेब ऐकायला येतेत म्हंजे ऐकायलाच येतेत. आवो, साहेबाची गाडी धुरळा उडवत गेली, की मागं गावात कोण उरतं? आपण अन् विठ्ठलराव. तुमी आज तोंड उघडलं, तर ह्या बारीला पाय धरायला मी नसंल. एकदाच धरता येतेत. सांगून ठेवतो.

सत्यशीला : ही धमकी आहे का?

हनुमान : धमकी देणाराला घाम येत न्हाई, वैनी. बघा माझ्याकडं. अन् अंगद वार्डात एकटा हाय आत्ता, ध्यानात ठेवा.

सत्यशीला : एकटे नाहीत. माझा भाऊ मुंजाजी पहाटेच गेलाय. दाराशी खाट टाकून बसलाय.

हनुमान : बरं केलं. देवाशप्पथ, बरं केलं. साडेदहाला गाडी पाठवतो. नेसून तयार ऱ्हावा. काकू… येतो.

केशरबाई : येतो म्हणू नको. नुसता जा.

सत्यशीला : गेले आत्या. पाणी घ्या.

केशरबाई : दवाखान्याच्या डब्यात आठ दिस त्याच्यापुरत्या दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या म्या. पोरगं जागरण करतंय भावासाठी, म्हणून. तू कावून बोलली न्हाईस?

सत्यशीला : मला कालच कळलं. रात्रभर विचार करत होते, तुम्हाला सांगू का नको. त्यांनी साडी पुढं टाकली अन् राहवलं नाही.

केशरबाई : ती पिशवी कावून उघडतीस आता? फेक ती उकिरड्यावर.

सत्यशीला : जांभळी आहे. काठ बरे आहेत.

केशरबाई : नेसणार तू? डोकं फिरलं का काय?

सत्यशीला : ऐका. मांडवात मधे बांबू आडवे बांधलेत. बायका पार मागं, ताडपत्रीवर. माईक फक्त यादीतल्यांना. अर्ज दिला तर तो विठ्ठलरावाच्याच माणसाच्या हातात जातो. पण ओवाळणारीला कुणी अडवत नाही. तिला वाट करून देतात. अन् टिळा लावताना साहेब कितीही मोठा असो, मान खाली घेतो. तोंडापासून कान वीतभर. तिथं माईक लागत नाही. कॅमेरे सगळे तिथंच वळलेले.

केशरबाई : विठ्ठलराव खांद्याला खांदा लावून उभा आसतो साहेबाच्या.

सत्यशीला : उभा असू दे. त्याच्या देखतच.

केशरबाई : काय बोलशील?

सत्यशीला : नावं. मी टिळा लावीन अन् हात कपाळावरून काढायचाच नाही, सांगून होईपर्यंत. तिघांची, अन् विठ्ठलरावाचं. अन् सुरुंग कधी उडवतात ते.

केशरबाई : हनुमानचं?

सत्यशीला : ते तुम्ही सांगा आत्या. तुम्ही नको म्हणालात, तर नाही घेणार.

केशरबाई : थांब. ह्यो पाटा धुती आधी.

सत्यशीला : घाई नाही. अजून वेळ आहे.

केशरबाई : त्याचं आधी घे. पयलं नाव त्याचंच. म्याच पाजलाय, म्याच सांगते तुला. घे.

सत्यशीला : बरं. तबक तुम्ही पुसून द्या. माझे हात रक्ताचे आहेत. आरोही, ये गं इकडं. ये, कुणी नाही आता. केस बघ कसे झालेत. ये, वेणी घालते.

आरोही : काकाचं बोट आजीनं फोडलं?

केशरबाई : व्हय माय. आजीनंच.

आरोही : काकानं काय केलं होतं?

केशरबाई : बस, आईपशी बस. केस विंचरून घे.

सत्यशीला : मान सरळ धर, बाळा. किती गुंता केलायस. दुखलं तर सांग.

आरोही : मम्मी, तू नवी साडी नेसून कुठं चाललीस?

सत्यशीला : शाळेपाशी मांडव घातलाय ना, तिथं. मोठे साहेब येणार आहेत. त्यांना सांगायचंय, की आमच्या लेकरांच्या अंगावर दगड येतात.

आरोही : पप्पानी सांगितलं, तसं?

सत्यशीला : हं. तसंच.

आरोही : पप्पानी सांगितलं अन् मग पप्पा दवाखान्यात गेले. तू त्यांच्यापशी राहिलीस ना?

सत्यशीला : राहिले की. रिबीन दे तुझ्या हातातली.

आरोही : मग तू सांगितल्यावर तुझ्यापशी कोण राहणार?