शेवटचं कडवं, निळ्यावर

"हॅलो?… हो आई, मीच. हळू बोलतेय, बाळ आत्ता कुठे झोपलंय."

खांद्याने फोन कानाशी दाबून धरत रिक्केने प्रिंटरमधून काळा कागद ओढून काढला. पुन्हा कोरा. दोन्ही बाजूंनी काळा कुळकुळीत.

"काय?… आजोबा येणार नाहीत म्हणजे? आई, उद्या बारसं आहे! सकाळी चर्च, मग जेवण… कंबर कसली दुखतेय, काल तर बंदरापर्यंत चालत गेले होते… हो, हो… अगं ऐक ना. मला माहितेय कशामुळे ते."

माहीत सगळ्यांनाच होतं. वसंतात मामेभावाच्या समारंभात सगळे त्या दिवसासाठी घरच्यांनीच रचून छापलेलं गाणं गायला उभे राहिले, तेव्हा एस्बर्न आजोबांच्या हातातला कागद उलटा होता. ओठ मात्र हलत होते. एक पोर फिस्सकन हसलं आणि आजोबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"…नाही, पाठ करून म्हणा असं नको सांगूस त्यांना. सगळ्यांच्या हातात कागद आणि यांचेच हात रिकामे? ते मेले तरी उभे राहायचे नाहीत… म्हणूनच तर उद्याचं गाणं त्यांच्यासाठी छापत बसलेय सकाळपासून… अगं, त्यांना टीव्हीवरची ती बातम्यांची पानं वाचता येतात ना अजून? फुटबॉलचे गोल रोज मोठ्याने सांगतात की नाही? का? काळ्यावर पांढरी अक्षरं! पांढऱ्या कागदाची तिरीप त्यांच्या डोळ्यांत जाते, त्यात अक्षरं विरघळतात… हो, मीच शोधलं, हसू नकोस.

"…म्हणून काळा कागद आणला. आणि छापलं तर काहीच नाही. खिडकीशी धरून पाहिलं, उलटं घालून पाहिलं… नाही गं, बिघडलेला नाही! यात पांढरी शाई नसतेच. पांढरं म्हणजे त्याच्या लेखी काही छापायचंच नाही, कागद पांढरा असणारच असं धरून चालतो तो… हो, एवढी शिकलेली मुलगी तुझी. कळलं आता.

"एक मिनिट हं."

ती पाळण्याशी गेली. पोट वर-खाली होतंय ना, ते पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"हं, बोल… शिंकला होता दुपारी. दोनदा. सर्दी नसेल ना?… बरं, बरं. नाही विचारत… नाव? नाही सांगणार. उद्या चर्चमध्ये कळेल सगळ्यांना, तेव्हा तुलाही. सासूबाईंना, येप्पेच्या आईलाही नाही सांगितलं… शप्पथ!

"…मग उलटा विचार केला. पांढरा जाड कागद घ्यायचा, आमंत्रणाचे उरलेत, आणि सगळा काळा छापायचा. अक्षरांच्या जागा फक्त सोडायच्या… हो ना? सुचलं तेव्हा मीही नाचले. पण कागद शाई पितो गं! त्यांना अंगठ्याएवढी अक्षरं लागतात, म्हणजे एका पानावर एकच कडवं. पहिलं निम्म्यात आलं आणि काळी शाई खलास. नुसते राखाडी पट्टे… दुकानं बंद, शनिवारी लवकर मिटतात… शेजारी? त्यांच्याकडे प्रिंटरच नाही."

तिचा आवाज चिरकला. पलीकडे आई काहीतरी समजुतीचं बोलत होती आणि रिक्के नुसती 'हं, हं' करत पडद्यावरच्या उरलेल्या शाईच्या खुणांकडे बघत होती. लाल थोडी. पिवळी थोडी. निळी बरीच.

"…थांब. आई, गप्प बस जरा… निळी आहे. गडद निळा चालेल की, काळाच लागतो असं थोडंच… पण एकच पान होईल. फार तर एकच… कुठलं कडवं म्हणजे? शेवटचं. दुसरं कुठलं असणार… का ते नको विचारूस."

प्रिंटर घरघरला. बाळ दचकलं, हात वर उडाले, परत झोपलं. पान ओलंचिंब, जड होऊन बाहेर आलं. निळ्यातून पांढरी अक्षरं लख्ख उघडी राहिली होती.

"आलं! आई, आलं! येप्पे सायकलवर घेऊन निघतोय, दोन गल्ल्या तर आहेत… फोन ठेवू नकोस. आजोबांच्या हातात दे आणि तू पाठ फिरव… फिरव म्हणते ना! कडांना धरायला सांग, ओलं आहे… बाळाच्या बारशाच्या अंगरख्याला हात? नाही लावला. तुझ्या आजीपासूनचा तो अंगरखा, माझे हात कोपरापर्यंत निळे आहेत, कशाला हात लावीन?

"…वाजली बेल? आला येप्पे?… दिलंस त्यांना? कुठे उभे आहेत? खिडकीशी नको, उजेड पाठीमागून येऊ दे… डोळ्यांजवळ नेलं? आई?… ओठ हलतायत? आई, बोल ना काहीतरी!"

मग श्वासाचा आवाज. जाड, सावकाश.

"आजोबा?… दिसतंय?… खरंच?… वाचा ना. मोठ्याने वाचा."

ती ऐकत राहिली. ओठांनी बरोबरीने म्हणत राहिली: 'ये रे एस्बर्न, बस आमच्यात, टेबल तुझंच आहे.'

"…नाही. मनधरणी नाही करत तुमची… बाळाचंच गाणं आहे, आजोबा… नाही, तुम्हाला उगीच घुसवलेलं नाही त्यात… ते बाळालाच म्हटलंय."

पलीकडे कागद सळसळला.

"…आजोबा?… हो. तेच नाव ठेवतोय… येप्पेनेच सुचवलं आधी… ऐकताय ना? उद्या चर्चमध्ये पहिल्यांदाच ऐकताय असं तोंड करा हं. आणि आईला आज सांगू न—… ऐकलं तिने? रडतेय?… आजोबा, पहिली तीन कडवी नुसती ओठ हलवून काढा, शेवटचं मात्र तुम्ही… काय? कुठला सदरा?… निळा. निळाच घाला. आईला सांगा इस्त्री… हॅलो?… हॅलो?"

निरोप न घेताच फोन ठेवायची आजोबांची सवय जुनीच होती.