गुरुवारी सात वाजता, टेबल आठ जणांचं

नाही, पण मला एक सांगा, आठवड्याला वार किती? सात ना? आणि त्यातले मटण खायचे किती?... तेच म्हणतोय मी! आणि फारूकभाई मला म्हणतात, "सुदेश, एक तारीख दे रे, त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! अहो, तारीख कुणीही देईल, भिंतीवर कॅलेंडर भरलंय तारखांनी. पण वार कुठला?

तुम्हाला सांगतो, झालं असं. आम्ही आठ जण. कुवेतमध्ये मीना अल-अहमदीला रिफायनरीत मचाणं बांधतो, म्हणजे स्कॅफोल्डिंग हो, आणि राहतो मंगफला एकाच रूमवर. सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले, सगळ्यांची बायकापोरं गावाला. तर यंदा वर्षभरात आमच्या गँगमध्ये एकालाही साधं खरचटलं नाही म्हणून कंपनीने बक्षीस काढलं. मला वाटलं ब्लँकेट देतील. मागे एकदा दिलं होतं, मे महिन्यात, कुवेतमध्ये, ब्लँकेट!... पण नाही. फारूकभाई, आमचे सेफ्टी ऑफिसर, श्रीवर्धनचे, रविवारी सकाळी साइटवर आले नि म्हणाले, "दस्मानला समुद्रासमोर ते जुनं स्टेकहाउस आहे ना, पांढऱ्या टेबलक्लॉथचं? तिथे डिनर. ह्याच आठवड्यात. पण आठच्या आठ पाहिजेत, फोटो हेड ऑफिसला जायचाय. एक जरी कमी पडला तर बक्षीस पेंटिंगच्या गँगला."

आता पेंटिंगच्या गँगला गेलं असतं तर मला काही नव्हतं. पण आमचे फोरमन तुकारामकाका! तेवीस वर्षं कुवेतमध्ये काढली माणसाने, आणि त्याच शनिवारी त्यांचं विमान. फायनल एक्झिट. कायमचे गावाला. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रिन्यू करायला शहरात गेले की त्या हॉटेलसमोर थांबून काचेतून आत बघायचे, असं त्यांनीच मला सांगितलं. बक्षीस ऐकलं नि मला बाजूला घेऊन म्हणतात, "सुदेश, तेवीस वर्सं डबा घेऊन पायपावर बसून जेवलो रं. एकदा खुर्चीत बसून कुनीतरी वाढलेलं खाऊन जाऊ दे मना." म्हटलं काका, जीव गेला तरी तुम्हाला तिथे बसवतो. बोलून तर गेलो... पण वार कुठला?

कारण आमच्या रूमवरची गंमत अशी की माणसं आठ, पण टोप एक. एकाने वार धरला की तो आठांचा झाला. सोमवार शंकराचा, तो तिघांचा. मंगळवार गणपतीचा, तो राहुलचा. आणि राहुल साधासुधा नाही, तो मंगळवारी अंड्याच्या ट्रेकडे पाठ करून बसतो. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा, आणि शनिवारी तर काका विमानात! रविवारी सगळे खातात, पण रविवार म्हणजे इथे कामाचा पहिला दिवस, आणि तो तर उजाडलाच होता. राहिले बुधवार आणि शुक्रवार.

केला हॉटेलला फोन. लैला म्हणून बाई आहे तिथे, आवाज असा गोड की आपण चूक केल्यासारखं वाटतं. "गुड मॉर्निंग सर, हाऊ मे आय हेल्प यू?" म्हटलं, फ्रायडे, एट पर्सन. "सॉरी सर, फ्रायडे फुल्ली बुक्ड." वेन्सडे? "वेन्सडे इज पॉसिबल, सर!" अहो, मी टेबलावर हात आपटला! आणि तेवढ्यात राहुल कॅलेंडरला नाक लावून म्हणतो, "बुधवारी संकष्टी हाय." ... संकष्टी! आता हिला इंग्रजीत संकष्टी कशी सांगायची? म्हटलं, मॅडम, वेन्सडे प्रॉब्लेम, मून प्रॉब्लेम. ती मग म्हणते, "सर, एनी डाएटरी रिस्ट्रिक्शन्स?" मी म्हटलं, येस मॅडम. ऑल.

शेवटी तिच्याकडे एकच टेबल उरलं. गुरुवार, संध्याकाळी सात.

फारूकभाईंकडे गेलो. म्हटलं, भाई, पुढे ढकलता येईल का, काकांचं तिकीट बदलून? ते म्हणाले, "किती पुढे?" म्हटलं, दहा-बारा दिवसांत श्रावण, श्रावणात कुणी खात नाही, मग गणपती, मग पितरं, मग नवरात्र... दसऱ्यानंतर चालेल. त्यांनी टोपी काढली, सेफ्टीची, आणि कपाळ पुसलं. "अरे बाबा, आमचा पण महिना असतो. पण तो सगळ्यांना एकदम लागतो आणि एकदम सुटतो! तुमचं म्हणजे... आज हा सुटला, उद्या तो लागला!" बरोबरच होतं ते.

वर कपडे. ड्रेस कोड फॉर्मल, कोट पाहिजे. जुलै महिना, बाहेर पन्नास डिग्री, कुवेतमध्ये कोट कोण ठेवतो? पण त्या फारूकभाईंचे उपकार विसरणार नाही, त्यांनी त्यांच्या जमातीतल्या घराघरातून मागून आठ कोट आणले. सगळे लग्नातले. राहुलच्या खिशात अजून अत्तराचा फाया होता.

हॉटेल ठरलं, कोट आले, सगळं झालं. पण वार कुठला? तर गुरुवार! मंगळवारी रूमवर मीटिंग बसली. कुणी म्हणतो हॉटेलात जाऊन सॅलड खाऊ. कुणी म्हणतो काकांनी एकट्याने खावं, आम्ही बघू. काका म्हणाले, "तुमी बघनार नि मी खानार? मी काय जनावर हाय?" आणि उठून बाल्कनीत गेले हो. तेवीस वर्षं इथे काढलेला माणूस, तो असा पाठ करून उभा... मला राहवेना. म्हटलं, ऐका! शिफ्ट बदलून देतो की नाही आपण एकमेकांना? मग वार बदलून का नाही? तुमच्या सगळ्यांचा गुरुवार मी धरतो. तुम्ही खा. देवाकडे जबाबदारी माझी.

काय सांगू तुम्हाला, मग काका आत आले, देवाच्या फोटोसमोर नारळ ठेवला, आणि आपल्याकडे शिमग्यात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज तुजी ही आठ लेकरं परमुलखात तुज्या पायाशी हुबी हायत..." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" "तर सात जनांचा गुरवार ह्यो सुदेश उचलतोय..." "व्हय म्हाराजा!" "सात जनांचे परतेकी तीन, असे एकवीस गुरवार तो पाळील..." मी म्हटलं, अहो काका, एकवीस कुठे? पण तोपर्यंत "व्हय म्हाराजा!" होऊन गेलं होतं!

गेलो गुरुवारी. वेटरने काकांची खुर्ची मागे ओढली, काकांना वाटलं त्याला बसायचंय, म्हणाले, "बसा, बसा, मी हुबा ऱ्हातो." मग त्याने काकांना बसवलं, मांडीवर नॅपकिन पसरला, आणि काकांनी त्या नॅपकिनवरून असा हात फिरवला... बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. स्टेकहाउसमध्ये येऊन स्टेक कुणालाच नको, गाईचं आम्ही खात नाही, म्हणून सात प्लेट लँब चॉप्स. आणि मला? भाजलेला बटाटा. एक. एवढ्या मोठ्या प्लेटमध्ये!

काका दोन चॉप्स साफ करून, हाडूक चोखत म्हणतात, "बरं, आपल्यात गुरवार धरतो कोन रं?"

म्हटलं, तुम्ही. "छ्या! मी कदी धरला? मना वाटलं तू." मी? मी तुमच्यामुळे गप्प बसायचो! राहुल म्हणे, मला वाटलं सुदेशदादा. सोमवारवाले म्हणाले, आमचा फक्त सोमवार. शनिवारवाले म्हणाले, आमचा फक्त शनिवार. अहो, टेबलभर विचारून झालं, गुरुवार कुणाचाच नाही! मग काकांना आठवलं. नऊ वर्षांपूर्वी रूमवर एक लांज्याचा होता, दत्ताचा भक्त. तो धरायचा. तो गेला गावाला, गुरुवार इथेच राहिला!

म्हटलं, मग एक चॉप द्या इकडे. तर काका प्लेट लांब ओढून म्हणतात, "आता नाय जमायचं, सुदेश. देवाला बोललो ना आपन."

आता दसरा उलटला. रूमवर दर गुरुवारी कोंबडी शिजते, वार कुणाचाच नाही म्हटल्यावर कशाला थांबतील? मी कोपऱ्यात डाळभात घेऊन बसतो. काकांचा गावाहून न चुकता फोन येतो, "धरलास ना रं गुरवार?" आणि मागून ठकूबाईकाकूंचा आवाज, "अवो, ठेवा तो फोन, रस्सा वाढलाय, थंड व्हतोय!"

तेरा झाले. आठ राहिलेत.