पाळीची झोप

अगं शोभा, गोळ्या कसल्या घेतेस? आधी माझं ऐक. हे गेल्यापासून माझ्या झोपेचा ताळच राहिला नाही. एकदा वर्गात हजेरी घेता घेता डोळा लागला आणि मुलं हसली. मी घाबरले, नोकरी जायची म्हणून पाम गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "तीन आठवडे झोपेच्या वेळा लिहून आणा."

वही पाहून त्यांनी विचारलं, "बाई, कुठल्या कंपनीत हाय तुमी?"

"कंपनीत नाही, शाळेत शिकवते."

"मग एक आठवडा पहाटे साडेचारला जाग, एक आठवडा बारापर्यंत जागरण, आणि एक आठवडा रात्रभर डोळ्याला डोळा नाय? माझे निम्मे पेशंट असेच झोपतात. ही शिफ्टवाल्यांची झोप हाय."

मग सांगावंच लागलं, की हे बावीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करायचे आणि आता पाच महिन्यांपूर्वी वारले.

डॉक्टर हळूच म्हणाले, "अंगाला अजून कळलं नाय, बाई."

"मला कळलंय," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"बरं. या आठवड्यात कुठली शिफ्ट?"

"सेकंड," मी म्हटलं. "साडेअकराला येतील."