बादलीवरचे दोन ठोके

—तुम्हीच तर होतात की त्या दिवशी. विसरलात? मी नाही विसरले. सिंकखाली आडवे झाला होतात, नुसते पाय बाहेर, आणि मी बॅटरी धरून उभी — तुम्ही बोललात पण मला, ‘वहिनी, उजेड पाइपवर पाडा, माझ्या डोळ्यांत काय पाडताय’ — आणि फोन वाजला. माझे हात ओले. म्हटलं वाजू दे, गरज असेल तर करतील परत. केला परत. हात पुसून घेतला, तर कुणी अनोळखी माणूस सांगतोय, तुमचा मुलगा आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, त्याला वेळच लागतो आंघोळीला, लहानपणापासूनची खोड आहे, थांबा जरा. असं म्हटलं मी, मिस्त्री. थांबा जरा.

आणि तुम्ही गुपचूप सामान आवरून निघून गेलात. बरोबरच केलंत, दुसरं काय करणार होतात — पण मेन कॉक बंद ठेवून गेलात हो! घर माणसांनी भरलं आणि नळाला थेंब नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना प्यायला पाणी शेजारून आणलं. पोटचा पोरगा गेलेला आणि मी घरभर कॉक शोधत हिंडतेय. लोक म्हणाले असतील, काय काळीज आहे बाईचं. काळीज कसलं डोंबलाचं! हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच—

एक मिनिट हं. ठमे! ए ठमे, आहेस ना?

ऐकलंत? दोन ठोके. बादलीवर प्लास्टिकचा मग आपटते ती. आमचं ठरलंय तसं. आधी तोंडाने ओ द्यायची, पण कंटाळली — कॉलेजात जाते, एवढी घोडी झाली, रोज आंघोळ करताना आईला हजेरी द्यायची म्हणजे चिडणारच. मग तोडगा काढला. मी विचारायचं, तिनं ठोकायचं. हसू नका. बरं, हसा, तिचे बाबाही हसतात. हसायचे.

हो, हो, माहितीय मला. गॅसचा गीझर तुम्हीच काढून नेलात, विजेचा बसवलात, त्याने तसलं काही होत नाही. सगळं माहितीय. त्या गॅसला वास नसतो म्हणे. त्याची ती भाड्याची खोली, आतलं बाथरूम कपाटाएवढं, गीझर आतच, आणि थंडी वाजते म्हणून पोराने खिडकी लावून घेतलेली. झोप येते म्हणे नुसती. आमच्याकडे आता तो गीझरच नाही, खिडकीच्या काचेच्या पट्ट्याही मी काढून टाकल्या, वारा नुसता भणभणतो आत — तरी ते दार लागलं की माझे पाय इथे रुततात. या स्टुलाची जागाच ही झालीय. भीतीला काय कान असतात, समजावून सांगायला?

तर टाकीचं सांगत होते. संध्याकाळपर्यंत पुरायची, ती दुपारीच खडखडते. माणसं वाढली का घरात? उलट— असो. तुम्ही म्हणता गळती नाही. मग पाण्याला काय पाय फुटले? फ्लशच्या टाकीत शाई टाकून बघितलीत, खाली भांड्यात उतरली नाही, कबूल. सगळे नळ बंद केलेत तर मीटरचा काटा हलला नाही, तेही माझ्या डोळ्यांनी बघितलं. भिंतीला ओल नाही. मग जातं कुठे? मला रात्रंदिवस तेच. वाटतं, कुठेतरी आत काहीतरी झिरपतंय, आपल्याला दिसत नाहीये, आणि एक दिवस कळेल तेव्हा— तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय.

हळू बोला हं मात्र. हे झोपेची गोळी घेऊन पडलेत आतल्या खोलीत. त्यांचं हृदय नाजूक झालंय त्या दिवसापासून, डॉक्टर म्हणाले, धक्का नको. म्हणून मी घरात नियमच करून टाकला — यांच्या देखत रडायचं नाही. कुणी भेटायला आलं तर दारातच सांगते, रडणार असाल तर इथूनच जा. ठमी बिचारी शहाणी आहे. एक टिपूस काढलं नाही तिनं. दादा दादा करत मागे हिंडायची त्याच्या, पण एक टिपूस नाही. आत जाते, आंघोळ करते, कॉलेजला जाते. नळाचा आवाज येतोय ना? नळ चालू म्हणजे ती ठीक — पण त्याचाही नळ चालूच होता म्हणे.

ठमे, आहेस ना?

हां. दोन.

आणखी एक काम होतं. ती बाहेर आली की या दाराची आतली कडी काढून टाका. चार स्क्रू तर आहेत. हो, तिला विचारलंय. म्हणजे सांगितलंय. नाही, आवडलं नाही तिला, फणकारली, ‘आई, तेवढी एक जागा ठेव मला’ म्हणाली. जागा कसली, बाथरूम ते! कुणी आत घुसणार आहे का? दार लोटलेलं असलं तरी चालतं की. कडी नसली तर निदान मला— निदान धावत जाता येईल. त्याच्या दाराला कुलूप होतं आतून. बाहेरची माणसं दार बडवत राहिली.

ठमे?

ठमे, ठोक गं.

ऐकू नसेल आलं. नळ मोठा सोडलाय ना. ठमे! ठमे, मस्करी नको हं, मी ओरडेन— मिस्त्री, तुम्हाला काही ऐकू आलं? नाही ना? नाहीच आलं. ठमे, आईला ओ दे! बघता काय, धक्का द्या! दार तोडा, मी सांगतेय ना, जाऊ दे दार, खांदा लावा— आणखी जोरात— ठमे—

अगं.

अगं, अशी काय बसलीस. उपड्या बादलीवर. कपडे घालून. इकडे बघ. केस कोरडे तुझे. टॉवेल कोरडा. पाणी नुसतं मोरीत चाललंय... रोज? रोज हेच करतेस तू? आणि मी हाक मारली की डोळे पुसून ठोकायचीस?

आज नाही ठोकलंस. नाही जमलं. बरं. बरं, काही नाही. तोंडात टॉवेल नको धरूस, बाळा. श्वास घे.

नाही नाही, मिस्त्री, ठीक आहे ती. तुम्ही जरा पाठ करा तिकडे. टाकीचं राहू द्या. कळलं मला पाणी कुठे जातं ते. आणि ती कडी, निखळून पडलीय ती, उचलून ठेवा. उद्या या आणि बसवून द्या परत. चांगली पक्की बसवा, आतूनच.

नाही विचारणार मी यापुढे, ठमे. विचारीन. पण हळू विचारीन. सरक जरा, मला बसू दे. आणि तो नळ— बंद नको करूस. मोठा सोड. अजून. हे जागे होतील.

तुम्ही निघा आता. बाहेरचं दार ओढून घ्या, वाजवू नका. सिंकखालचं ते त्या दिवशीचं काम तसंच राहिलंय.