राणीसरकारांच्या मागे झारी

...आणि वर शेजारी कुंपणावरून मलाच विचारतो, "काय हो, हिरवळीला नायटा झालाय का?" नायटा! अहो, तुम्हाला सांगतो, पोटच्या पोरासारखी जपलेली हिरवळ, आणि आमची कुत्री, मी तिला राणीसरकारच म्हणतो, रोज सकाळी येणार, इकडे हुंगणार, तिकडे हुंगणार, सगळी बाग सोडून बरोब्बर मधोमध बसणार, की झाला तिथे ताटलीएवढा पिवळा डाग! एरवी म्हटलं असतं, जाऊ दे... पण मुलीचा फोन आला होता ना! "बाबा, छकुली आता सोफा धरून चालते. पहिलं सुटं पाऊल तुमच्या हिरवळीवरच टाकायचं हं तिने!" आता सांगा, नातीचं पहिलं पाऊल, आणि ते पडणार कुठे, तर राणीसरकारांच्या... छे! म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, मी हटणार नाही!

मग डोकं चालवलं. पिवळं पडलंय म्हणजे गवत उपाशी आहे, बरोबर? तुम्हीही हेच म्हणाला असता! आणला युरिया, घातला प्रत्येक डागावर मूठ मूठ, कमी पडायला नको म्हणून वर आणखी एकेक... ताटल्यांच्या पराती झाल्या हो! बायकोने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि फोन कानाला असतानाच मला म्हणते, "अहो, तिच्या मुतातल्या ज्या खताने गवत जळतं, तेच तुम्ही पोत्याने ओतताय! ती बिचारी निदान थोडं थोडं करत होती!" हसा, हसा... पण मी हटतो की काय!

डॉक्टर म्हणाले, तिचं झालं की लगेच भरपूर पाणी ओता. झालं! ती पुढे, मी मागे, हातात भरलेली झारी. ती वळून बघायची, मी आभाळाकडे बघायचो. अहो, तिलाही लाज आहे! उठली रे उठली की मी धो धो! जळकं गवत खरवडलं, नवं बी पेरलं, अंगात ताप असताना झारी उचलली. शेजारी म्हणे, "आज मिरवणुकीला उशीर?" म्हण बाबा! मी हटणार नाही! आणि काय सांगू, उगवली हो हिरवळ... गालिचा नुसता!

मुलगी आली. सगळे बाहेर निघालो, आणि तेवढ्यात राणीसरकार आमच्या आधी बाहेर, मधोमध! मी झारी घेऊन धावलो. "बाबा, तुमचं आटपू दे, आम्ही आत थांबतो!" राणीसरकार आटोपून आत पळाल्या, मी ओततोय, पार मुळापर्यंत, अर्धवट काम आपल्याला जमत नाही... आणि आतून टाळ्या! आरडाओरडा! धावत गेलो, तर छकुली आईचा हात सोडून चालत कुत्रीकडे गेलेली. "अहो, होतात कुठे?" बायकोच्या डोळ्यांत पाणी. कुठे असणार? लपवत नाही, फार वाईट वाटलं मला. "छकुले, एकदा आजोबांसाठी?" ती फतकल मारून बसली, कुत्रीचा कान धरून.

तरी मी हटतो की काय! उचलली, हिरवळीवर नेली, खाली टेकवली... तर गवत टोचतं म्हणून पाय पोटाशी घेऊन ही रडारड!

आता हिरवळ आहे. हिरवीगार. या एकदा बघायला. राणीसरकार सोडल्या तर तिच्यावर कुणी पाऊल ठेवत नाही.